वयानं बुद्रुक, वर्गात खुर्द

कंग्राळी दोन आहेत. एक बुद्रुक, एक खुर्द. बेळगाव शहराला खेटून असलेल्या या जोडगावांची नावं सरकारी कागदावर बी.के. आणि के.एच. अशी पडतात, आणि बाहेरगावचा पाहुणा बी.के. म्हणजे कुणा देणगीदाराची आद्याक्षरं समजून आदरानं मान हलवतो. बुद्रुक म्हणजे फारसीतला बुजुर्ग, थोरला. खुर्द म्हणजे धाकटा. आता पन्नाशीला टेकलेला माणूस संध्याकाळच्या बॅचला कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घालतो, तेव्हा तो एकाच दमात दोन्ही गावांचा रहिवासी होतो: वयानं बुद्रुक, वर्गात खुर्द. त्याला शिकवायला उभी असलेली पोरगी त्याच्या धाकट्या लेकीच्या वर्गातली असते. कालपरवापर्यंत ती अंगणात लंगडी घालत होती, आज ती म्हणते, ‘काका, उजवं बटण. उजवं. तुमचं उजवं.’ प्रौढ माणसाच्या तांत्रिक शिक्षणातली सगळी अडचण या तीन वाक्यांत येऊन बसते. मेंदू गंजला, डोळे गेले, वेळ नाही, ही कारणं नंतर शोधलेली असतात. माझं म्हणणं असं आहे की सीमाभागातल्या कुठल्याही प्रौढाला कॉम्प्युटर चालवायला लागणारं अर्ध्याहून जास्त ज्ञान वर्गाची पायरी चढण्याआधीच असतं. उरलेलं ती पोरगी तीन महिन्यांत शिकवते. गाडी अडते ती लाजेपाशी.

अर्ध्याहून जास्त ज्ञान कुठून आलं, हे आधी सांगायला पाहिजे. कॉम्प्युटर म्हणजे काय, तर आपली भाषा न बोलणारी कचेरी. तिला खिडक्या पुष्कळ. एका खिडकीवर गेलं की दुसरीकडं पाठवणारी, काहीही मागितलं की आधी ओळख पटवायला सांगणारी, कामाच्या ऐन मध्यात गप्प बसणारी, आणि चूक तिची असली तरी ‘तुम्ही भरलेली माहिती चुकीची आहे’ असं तुम्हालाच ठणकावणारी. पुण्या-मुंबईच्या माणसाला अशा कचेरीची सवय नसेल, सीमाभागात ती तीन पिढ्यांची आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, २०१४ ला गावाचं नाव बेळगावचं बेळगावी झालं. घर जागच्या जागी, चूल जागच्या जागी, पत्त्याला मात्र तीन अपडेट. आणि प्रत्येक अपडेटनंतर जुन्या कागदावरचं नाव नव्या कागदावरच्या नावाशी जुळत नाही म्हणून हेलपाटे. सॉफ्टवेअर सारखं बदलतं म्हणून तक्रार करायचा अधिकार जगात सगळ्यांना असेल, कंग्राळीच्या माणसाला नाही. त्यानं याहून मोठी व्हर्जनं पचवली आहेत.

शेताचा उतारा घ्या. २००० सालच्या आसपास कर्नाटकानं ‘भूमी’ योजनेत सुमारे दोन कोटी उतारे कॉम्प्युटरवर चढवले. छापून येतात ते कानडीत. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेला शेतकरी तो कागद हातात घेतो आणि बोट बरोबर नऊ नंबरच्या कॉलमवर ठेवतो, कारण तिथं मालकाचं नाव असतं. मग ते बोट अकरा नंबरच्या कॉलमवर जातं, कारण तिथं कर्जाचा बोजा असतो. बाकीचा कागद त्याच्या दृष्टीनं नक्षी. त्याला कानडी वाचता येत नाही, पण कानडीतला बोजा वाचता येतो. सोसायटीचं कर्ज फेडूनही बोजा उतरलेला नसला तर ते त्याला चार पावलांवरून दिसतं. आता कॉम्प्युटरच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवतात ते याहून वेगळं काय आहे? पडद्यावर चाळीस चित्रं आणि दोनशे शब्द असतात, त्यातलं आपल्या कामाचं कुठं आहे ते जागेवरून ओळखायचं आणि बाकीच्याकडं बघायचं नाही. सिलिकॉन व्हॅलीत बसून पडदे रचणारी माणसंही आपण सगळं वाचू अशी आशा धरत नाहीत. आपण जागेवरून ओळखू याच हिशोबानं ती बटणं ठेवतात. बसची पाटी कानडीत, आकडे कानडीत, तरी कंग्राळीची म्हातारी चुकून हुक्केरीच्या गाडीत बसल्याचं कुणी ऐकलं आहे काय? ती पाटी वाचत नाही. गाडी कुठल्या फलाटाला लागली, कंडक्टर कुठल्या सुरात ओरडतो, आणि आत कोण-कोण ओळखीचं बसलंय एवढं बघते. हे तीन पुरावे जुळले तरच पाय उचलते. बँका हल्ली खातं उघडायला दोनच मागतात.

शब्दांचंही तसंच. ‘आम्हाला त्यातलं काय कळतंय वो’ असं म्हणणाऱ्या बायकांचं बोलणं गृहलक्ष्मीच्या रांगेत कान देऊन ऐकावं. २०२३ मध्ये महिना दोन हजारांची ही योजना सुरू झाली आणि गावच्या बोलीत एका पावसाळ्यात डझनभर शब्द भरती झाले. ओटीपी आला नाही, केवायसी राहिलीय, आधार लिंक झालेलं नाही, अंगठा घेईना, आणि सगळ्यांचा मुकुटमणी, सर्वर डाऊन. या शेवटच्या शब्दाचा उपयोग तर इतका सुरेख होतो की भाषाशास्त्रज्ञांनी टिपून ठेवावा. पावणेआठला गॅस संपला, सर्वर डाऊन. सून माहेरी गेली, घरात सर्वर डाऊन. ज्या बाईला सर्वर कशाला म्हणतात हे व्याख्येनं सांगता येत नाही, तिला तो पडला की काय होतं हे बिनचूक ठाऊक आहे. तिनं हे शहाणपण पुस्तकातून घेतलेलं नाही, रांगेत उभं राहून घेतलंय. दूध डेअरीवर हीच बाई कॅन ठेवते, पडद्यावर फॅट आणि एसएनएफचे आकडे उमटतात, गाईच्या दुधाला साडेतीन आणि साडेआठ हे तिला पाठ. एखाद्या दिवशी फॅट तीन पॉइंट दोन आलं तर ती यंत्राशी भांडते, आणि भांडणात मुद्दा दशांश चिन्हानंतरचा असतो. अशी बाई कॉम्प्युटरच्या वर्गात जाऊन ‘मला शून्यापासून शिकवा’ म्हणते, हा विनयाचा अतिरेक झाला. राहिलं ते एनक्रिप्शन. त्याचं नाव ऐकून घाबरणाऱ्यांनी जनावरांच्या बाजारात जावं. दोन माणसं एका रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात, चेहऱ्यावर रेघ हलत नाही, भोवती चाळीस माणसं असतात, आणि बैलाचा भाव त्या दोघांखेरीज कुणालाही कळत नाही. व्हॉट्सअॅपनं हीच गोष्ट केली तेव्हा केवढा गवगवा झाला.

यावर पहिला आक्षेप हातांचा येतो. डोकं आहे हो, पण बोटं वळत नाहीत. हा आक्षेप निदान निपाणीकडच्या माणसानं घेऊ नये. तिथल्या बायका दिवसाला आठशे-हजार विड्या वळतात. पान कातरायचं, जर्दा अंदाजानं भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, टोक मुडपायचं, आणि हे सगळं करताना नजर पोरावर आणि जीभ शेजारणीशी. त्या बोटांपुढं कीबोर्ड म्हणजे खेळणं आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोल्ड भरणाऱ्या हातांचंही तेच. अडचण बोटांची असते ती जोराची. आयुष्यभर ज्या वस्तूंशी गाठ पडली त्या जोर लावल्याशिवाय ऐकत नव्हत्या, म्हणून माणूस माउसवरही जोर लावतो. त्याची दोन क्लिकं म्हणजे दारावरच्या दोन थापा असतात: एक मारली, आतून कुणी ओ देतंय काय याची वाट पाहिली, मग दुसरी. कॉम्प्युटरला एवढा सबुरीचा पाहुणा झेपत नाही, तो त्या दोन थापांना दोन वेगळी माणसं समजतो. मग माउस सरकत सरकत टेबलाच्या कडेला येतो आणि विद्यार्थी थांबतो. बाण पडद्याच्या मध्यावर, हात टेबलाच्या टोकाला, पुढं पृथ्वी संपली. माउस उचलून परत मध्ये ठेवला तर बाण जागचा हलत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शिकवणाऱ्या पोरीला ते सांगावं लागेल असं सुचतही नाही, कारण ती हे शिकल्याचं तिला आठवत नाही. म्हणून मी म्हणतो की या वर्गात शिक्षकाची परीक्षा विद्यार्थ्यापेक्षा अवघड असते. उचलून ठेवण्याचा हा शोध ज्या दिवशी लागतो त्या दिवशी माणसाच्या चेहऱ्यावर काय येतं ते पाहण्यासारखं असतं. नांगर वळवायला बांधाशी जागा सापडल्यासारखं.

पण बोटांची खरी गंमत पुढं आहे. वर्गात मराठी टायपिंग शिकवताना इनस्क्रिप्ट नावाची मांडणी दाखवतात. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ मध्ये ती मानक म्हणून ठरवली. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. आता ‘कंग्राळी’ लिहायचं. इंग्रजी के वर क, एक्स वर अनुस्वार, आय वर ग, डी वर हलन्त, जे वर र, ई वर काना, शिफ्ट धरून एन वर ळ, आर वर दीर्घ वेलांटी. आठ कळा आणि एक शिफ्ट. पहिल्या दिवशी यातला ळ सापडायला दहा मिनिटं जातात आणि गाव काही काळ ‘कंग्राली’ होऊन राहतं, ते कुणालाच आवडत नाही. हे जमलं की मग पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन भाषा मराठीची कानडी करायची, आणि त्याच आठ कळा त्याच क्रमानं पुन्हा दाबायच्या. पडद्यावर कानडी लिपीत कंग्राळी उमटतं. अक्षर न अक्षर बरोबर, ळसुद्धा, कारण तो दोन्ही भाषांचा आहे आणि दोन्हीकडं त्याच कळीवर बसला आहे. दोन राज्यांच्या सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, त्याचा अहवाल पुढच्या वर्षी आला आणि भांडण होतं तिथंच राहिलं. २००४ मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. मोर्चे झाले, काळे दिन पाळले गेले, पाट्यांना डांबर फासलं गेलं. एवढ्या सगळ्यात एका कीबोर्डनं गुपचूप दोन्ही भाषांना एकाच पाटावर जेवायला बसवलं आणि कुणी निषेधही केला नाही. यावरून सीमाप्रश्न सुटेल असं मी म्हणत नाही. तो इतक्या हलक्या हातानं सुटला तर पुढाऱ्यांनी करायचं काय? पण ज्याच्या कानात दोन्ही भाषा लहानपणापासून पडल्या आहेत त्याला या वर्गात एका फीमध्ये दोन लिप्यांचं टायपिंग पदरात पडतं. सोलापूर-सांगलीच्या पुढं ही सवलत नाही.

दुसरा आक्षेप स्मरणशक्तीचा. ‘आता डोस्क्यात ऱ्हात नाही.’ याबद्दल अमेरिकेत एक मोठा अभ्यास झालेला आहे. वॉर्नर शाय नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सिएटल शहरातल्या माणसांची बुद्धी दर सात वर्षांनी मोजायला सुरुवात केली, आणि सुरुवातीचं साल होतं १९५६. म्हणजे बेळगाव म्हैसुरात गेलं त्याच वर्षी. योगायोग एवढाच की हीही गोष्ट दशकानुदशकं चालली. फरक असा की तिकडं मधूनमधून निकाल लागत गेले. साठीपर्यंत बहुतेक माणसांची बहुतेक बौद्धिक कौशल्यं लक्षात येण्याइतकी घसरत नाहीत, असं त्यातून दिसलं. वेग कमी होतो, हे खरं. शब्दसंपत्ती आणि अनुभवाचं शहाणपण मात्र उलट वाढत राहतं. पुढं १९८६ मध्ये शाय आणि शेरी विलिस यांनी चौसष्ट वर्षांपुढच्या माणसांना मोजून पाच तास शिकवणी दिली. त्यातले सुमारे दोन तृतीयांश सुधारले, आणि ज्यांची घसरण झाली होती त्यातले सुमारे चाळीस टक्के चौदा वर्षांपूर्वीच्या पातळीवर परत गेले. पाच तासांत चौदा वर्षं वसूल! इतका परतावा बेळगावातली कुठलीही पतसंस्था देत नाही, आणि जी देतो म्हणते तिच्यापासून लांब राहावं. शिवाय डोक्यात राहत नाही म्हणणारा माणूस भावकीच्या वाटणीत १९८२ साली कुणाला कुठला बांध दिला हे साल-वारासकट सांगतो. पाठ राहतं ते कामाचं असलं तर राहतं, एवढाच त्याचा अर्थ. पासवर्ड पाठ राहत नाही याचं कारण त्यात भांडण नाही.

सरकारच्या मते तरी आपण म्हातारे आहोत का, हेही पाहू. १९७८ मध्ये देशभर प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा प्रौढ म्हणजे १५ ते ३५ असं ठरलं होतं. छत्तिसाव्या वर्षी माणूस प्रौढाच्या पलीकडं, बहुधा हिशोबाच्या बाहेर. त्याआधी १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यानं ग्रामशिक्षण मोहीम काढली, गावच्या गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, आणि रात्रीच्या वर्गात कंदिलाखाली बाप आणि लेक एकाच पाटीवर गिरवत. २०१६ च्या महिला दिनाला मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात आजीबाईंची शाळा भरली, गुलाबी लुगड्यातल्या आज्या दप्तर घेऊन वर्गात बसल्या. २०१७ मध्ये ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्री डिजिटल साक्षरता अभियान आलं, सहा कोटी घरांत घरटी एक माणूस, शिकवणी वीस तासांची, आणि वयाची अट १४ ते ६०. म्हणजे एकोणचाळीस वर्षांत सरकारी प्रौढाचं वय पंचवीस वर्षांनी वाढलं. याच गतीनं गेलं तर पुढच्या योजनेत पणजोबा बसतील. दोन्ही राज्यांनी तर सीमाभागातल्या माणसाला कॉम्प्युटर शिकवण्याचा चंगच बांधला आहे. महाराष्ट्रानं २००१ मध्ये एमएस-सीआयटी ही कॉम्प्युटरची परीक्षा काढली आणि सरकारी नोकरीला ती लागू केली. ८६५ सीमावर्ती गावांतल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्राच्या नोकऱ्यांत अर्ज करता येतो, म्हणून तो कागद इथंही लागतो. कर्नाटकानं २०१२ च्या नियमांनी आपल्या कर्मचाऱ्यांना संगणक साक्षरतेची परीक्षा लावली आणि तिची मुदत पुढं इतक्यांदा वाढवली की न शिकलेल्यालाही वाढीव मुदतीचं गणित यायला लागलं. दोन सरकारांनी एका जमिनीवर हक्क सांगितला हे ठीक, पण एकाच माणसाच्या अडाणीपणावर दोन सरकारांनी हक्क सांगावा हे भाग्य इतरत्र दुर्मिळ.

तर मग अडतं कुठं? लाजेपाशी, असं मी सुरुवातीला म्हणालो. पण ही लाज वर्गात जन्मत नाही, ती घरात वाढवली जाते, आणि वाढवणारे प्रेमाचेच असतात. वडील मोबाइल हातात घेऊन काहीतरी शोधतात. मुलगा जेवता जेवता बघतो, अर्धा मिनिट दम धरतो, आणि मग म्हणतो, ‘द्या की हिकडं, मी करतो.’ दोन सेकंदांत काम होतं. वडिलांना लाइटबिल भरल्याचं समाधान मिळतं, मुलाला सेवेचं पुण्य मिळतं, आणि शिकायचं होतं ते दोघांच्या मधून निसटून जातं. वर्षाला अशी दोनशे कामं झाली की वडिलांची खात्री पटते की हे आपल्याला येण्यासारखं नव्हेच. ज्या बापानं सायकल शिकवताना मागचं कॅरिअर धरून मैदानाला चाळीस फेऱ्या मारल्या आणि मध्येच हात सोडला, त्याला त्याच्या पोरानं कधी हँडलच धरू दिलं नाही. आईचं तर त्याहून वाईट. तिच्या फोनचा पासवर्ड तिच्याखेरीज घरात सगळ्यांना माहीत असतो. म्हणून पैसे भरून वर्गाला जाण्यात मोठा फायदा मला दिसतो तो अभ्यासक्रमाचा नाही: तिथली पोरगी फोन हिसकावून घेत नाही. तिला फी मिळते ती तुमच्याकडून करवून घेण्याची. घरात फुकट मिळते ती मदत, वर्गात विकत मिळते ती सबुरी.

‘सगळं खरं, पण ह्या वयात सर्टिफिकेट घेऊन कुठं नोकरी मिळूलालीय?’ हा तिसरा आक्षेप, आणि याला उगाच गोड उत्तर देण्यात अर्थ नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तीन महिन्यांचा कोर्स करून बेंगळुरूच्या कंपनीत कुणी घेत नाही. जाहिरातीत हसणारा जो पांढऱ्या केसांचा माणूस लॅपटॉप धरून उभा असतो, त्याला पगार मिळतो तो हसण्याचा. सर्टिफिकेटनं पालखी दारात येईल अशी आशा देणाऱ्या क्लासवाल्याला फी देण्याआधी निम्मी हप्त्यानं देतो म्हणून सांगावं, त्याचा चेहरा पाहून बाकीचं ठरवावं. पण नोकरी मिळवणं आणि असलेली टिकवणं यात मोठं अंतर आहे, आणि बेळगावात हे अंतर शेडच्या रुंदीएवढं आहे. उद्यमबागेत एका भिंतीला जुनी लेथ, समोरच्या भिंतीला कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी. लेथवर वीस वर्षं काढलेल्या टर्नरला धातू कानानं कळतो. टूल बोथट झालं की आवाज बदलतो, चिपेचा रंग बदलतो, हात आपोआप मागं येतो. समोरच्या यंत्राला हे काही कळत नाही. त्याला जी शून्य म्हटलं की झपाट्यानं सरकायचं, जी एक म्हटलं की कापत सरकायचं, एम तीन म्हटलं की स्पिंडल फिरवायचं आणि एम तीस म्हटलं की कार्यक्रम संपला, एवढंच कळतं. आयटीआयच्या नव्या पोराला हे कोड पाठ असतात, पण जी एकच्या जागी जी शून्य पडलं तर टूल जॉबवर कसं आदळतं ते त्यानं पाहिलेलं नसतं. जुन्या टर्नरनं ते स्वप्नातही ऐकलेलं असतं. त्याच्या अनुभवावर ही दोन-तीन डझन अक्षरं चढवणं सोपं, की त्या पोराच्या अक्षरांवर वीस वर्षांचा कान चढवणं सोपं? मालकाला हा हिशोब कळतो. टर्नरलाच अजून कळलेला नसतो, कारण तो त्या यंत्राजवळून जाताना परक्याच्या लग्नातून गेल्यासारखा अंग चोरून जातो. ‘शेवटी कागदच की तो’ असंही म्हणतात. असेल. पण ज्या भागात माणूस कुठल्या राज्याचा हेही कागदावर अडलं आहे, तिथं कागदाला नुसता कागद म्हणणं जरा धाडसाचं.

चौथा आक्षेप अगदी ताजा आहे आणि तो काढणारी माणसं स्वतःवर खूश असतात. आता एआय आलाय, तोच सगळं करणार, मग शिकायचं कशाला? मोबाइलशी मराठीत बोललं की तो मराठीत उत्तर देतो, हे खरं आहे. कंग्राळीच्या बोलीत बोललं की तो जरा गोंधळतो, पण ते पुण्याच्या माणसाचंही होतं. या आक्षेपातली गोम अशी की हे यंत्र चुकतं तेव्हासुद्धा त्याच आत्मविश्वासानं बोलतं. आवाजात कच नाही, वाक्यात ‘बहुतेक’ नाही. ओतायच्या लोखंडाचं तापमान चौदाशे अंशांच्या घरात असतं. पडद्यावर एकशे चाळीस आलं तर बावीस वर्षांचा पोरगा ते वहीत उतरवून घेईल. फाउंड्रीवाला म्हणेल, एकशे चाळिसाला भजी तळतात. सोयऱ्याधायऱ्यांची, पुढाऱ्यांची आणि खतांच्या एजंटांची अशी ठाम बोलणी ऐकून ऐकून ज्याचे कान तयार झाले आहेत, त्याच्याइतकं या यंत्राला ओळखणारं दुसरं कोण? उत्तरं फुकट झाली की बाजारात भाव चढतो तो शंकेचा, आणि शंका हे पीक वयाबरोबर दुपटीनं येतं. फक्त ती विचारायला आधी यंत्रापुढं बसावं लागतं. फोनवरून अटक करणारे खोटे पोलीस ज्यांना फसवतात त्यात शिकलेली माणसंही खंडीनं असतात, कारण शिक्षणानं त्यांना पडद्यावरचं खरं मानायला शिकवलेलं असतं. ‘ठाण्यात येतो, तिथं बोलू’ एवढं म्हणणारा माणूस वाचतो, आणि गावाकडं ते वाक्य पूर्वीपासून आहे.

तेव्हा बॅच सोमवारी सुरू होत असेल तर नाव घालायला शनिवारीच जावं, रविवारी घरच्यांना मत द्यायला वेळ मिळतो. अर्ज हल्ली ऑनलाइनच असतो. क्लासवाली पोरगी खुर्ची पुढं ओढून देते आणि म्हणते, ‘काका, तुम्हीच भरा, मी बघते.’ आधार कार्डावर नावाचं स्पेलिंग एक, रेशन कार्डावर दुसरं, त्यातलं कुठलं घालायचं यावर थोडी चर्चा होते. गाव निवडायच्या यादीत बी.के. आणि के.एच. एकाखाली एक आलेले असतात, आणि बाण हमखास आधी चुकीच्या गावावर पडतो. ते निस्तरलं की जन्मसालाचा चौकोन येतो. त्यावर क्लिक केलं की यादी चालू सालापासून उघडते आणि खाली खाली जायचं असतं. २०२० गेलं, २०१० गेलं, १९९९ ला वाटतं आता आलंच. माउसच्या मधोमध एक चाक असतं ते बोटानं मागं फिरवायचं, हळू. १९८५ जातं, १९८० जातं. मागं उभी असलेली पोरगी काहीच बोलत नाही. १९७४ येतं तोवर काकांना चाक फिरवायला आलेलं असतं.